नीटला किती पडतील? मॉक टेस्टवरून अंदाज बांधण्याची रीत

बारावीचे बोर्डाचे पेपर संपले की नीटपर्यंत हातात सहा-सात आठवडे उरतात. त्या दिवसांत फुल सिलॅबसच्या टेस्ट एकामागून एक होत राहतात आणि प्रत्येक टेस्टनंतर घरात तोच प्रश्न फिरतो: मग खऱ्या परीक्षेत किती पडतील? बहुतेक मुलं एक तर आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा धरून चालतात, नाहीतर कालच्या टेस्टचा आकडा मनाला लावून घेतात. पहिल्याने फाजील विश्वास येतो, दुसऱ्याने झोप उडते. तयारी नक्की कुठे आहे, हे दोन्हींतून कळत नाही.

मॉक टेस्टवरून बऱ्यापैकी खरा अंदाज काढता येतो. त्यासाठी मन लावून दिलेले पाच-सहा पेपर, एक वही आणि आठवड्यातला तासभर पुरतो. मात्र एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. हा अंदाज एका आकड्यात येत नाही, पट्ट्यात येतो. ‘४८५ पडतील’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर विसंबू नका. ‘४५० ते ५२०’ हे उत्तर ऐकायला ढिसाळ वाटतं, पण ते तुमच्याच पेपरांतून निघालेलं असतं आणि त्यावर पुढचे निर्णय घेता येतात. शिवाय गुणांचा अंदाज आणि रँकचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ केली की सगळा हिशेब फसतो.

कोणता पेपर हिशेबात धरायचा

नीटचा साचा आधी डोळ्यांसमोर ठेवा. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते: भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. सगळे सक्तीचे आणि वेळ १८० मिनिटं. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १, सोडलेल्या प्रश्नाला शून्य, एकूण ७२०. त्याआधी २०२१ ते २०२४ या चार वर्षांत २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे असत. प्रत्येक विषयाच्या ‘ब’ भागात १५ पैकी १० निवडता येत आणि २०२२ पासून वेळही २०० मिनिटं होता. तुमच्या वर्षीचा साचा ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या आणि मॉक त्याच साच्याचा आहे ना, हे तपासा. जुन्या साच्यातल्या मॉकमध्ये नको असलेले प्रश्न टाळता येतात आणि वीस मिनिटं जास्त मिळतात. त्यामुळे तिथले गुण फुगलेले असतात.

धड्यांच्या टेस्ट, अर्ध्या सिलॅबसच्या टेस्ट, मोबाइलवर बसल्या बसल्या दिलेल्या टेस्ट या अभ्यासासाठी उत्तम आहेत, अंदाजासाठी निरुपयोगी. कालच वाचलेल्या धड्यावर आज ९० टक्के पडणं आणि अकरावीच्या जूनमध्ये वाचलेला धडा ऐन मे महिन्यात आठवणं यांत खूप अंतर आहे. हिशेबात फक्त तोच पेपर धरा जो पूर्ण सिलॅबसचा आहे, आधी पाहिलेला नाही, एका बैठकीत १८० मिनिटांत संपवलाय आणि ज्याच्या उत्तरांचे गोल ओएमआर उत्तरपत्रिकेवर पेनाने त्याच वेळेत भरलेत. शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. १८० गोल भरायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. ती मिनिटं वेळेबाहेर ठेवली की भौतिकशास्त्राचे पाच-सहा प्रश्न फुकट पदरात पडतात.

आधी पाहिलेल्या प्रश्नांचं काय, हा प्रश्न रिपीटर, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना विशेष त्रास देतो. मागच्या वर्षांचे प्रश्न धड्यांप्रमाणे सोडवलेले असतात, मग तेच पेपर पुन्हा द्यायला बसलं की गुण हमखास वाढतात. एक सोपा नियम ठेवा. पर्याय वाचायच्या आतच उत्तर आठवलं तर प्रश्नाशेजारी बारीक ‘आ’ लिहा. असे ‘आ’ दहाच्या वर गेले की तो पेपर सरावाचा, अंदाजाचा नाही.

वहीत फक्त एकूण गुण लिहून भागत नाही

दोन मुलींना ४७० पडले म्हणजे दोघींची तयारी सारखी असं होत नाही. समजा एकीची वही अशी आहे:

जीवशास्त्र: बरोबर ७६, चूक १०, सोडले ४, गुण २९४
रसायनशास्त्र: बरोबर २९, चूक ११, सोडले ५, गुण १०५
भौतिकशास्त्र: बरोबर २१, चूक १३, सोडले ११, गुण ७१

चुका ३४, सोडलेले २०. आता दुसरीने तेवढेच ४७० मिळवताना फक्त १४ चुका केल्या आणि ४५ प्रश्न सोडले, असं धरा. पहिलीची अडचण अचूकतेची आहे, दुसरीची वेगाची किंवा हात आखडता घेण्याची. पेपर अवघड निघाला तर दोघींचे गुण वेगवेगळ्या तऱ्हेने घसरतील, कारण पहिली चुका वाढवत जाईल आणि दुसरी प्रश्न सोडत जाईल. म्हणून प्रत्येक पेपरचे हे बारा आकडे लिहायचेच. पाच मिनिटांचं काम आहे.

नशिबाचा वाटा वेगळा काढणं

हा भाग बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर सगळ्या रीतीचा कणा हाच आहे.

पेपर सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी प्रश्नपत्रिकेवर एक खूण करायची. खात्रीने लिहिलेल्या उत्तराला ‘प’, पक्कं. दोन पर्यायांत अडकून एक निवडला तर ‘श’, शंका. काहीच सुचत नसताना गोल काळा केला तर ‘त’, तुक्का. खूण त्याच क्षणी करायची. उत्तरतालिका पाहिल्यावर प्रत्येकाला वाटतं की हे तर मला येतच होतं.

पाच-सहा पेपर झाले की तिन्ही प्रकारांची बेरीज करा. समजा एका विद्यार्थ्याचे सहा पेपरांत मिळून ‘श’चे १५० प्रश्न झाले आणि त्यांतले ८१ बरोबर आले. म्हणजे ५४ टक्के. ‘त’चे ६० झाले, त्यांतले १४ बरोबर, म्हणजे साधारण २३ टक्के. आता नीटच्या गुणपद्धतीसाठी एक छोटं सूत्र आहे: एका प्रश्नामागे सरासरी मिळणारे गुण = ५ × अचूकता − १. बरोबर आलं तर ४ मिळतात, चुकलं तर १ जातो, त्यातूनच हे निघतं. ‘श’साठी ५ × ०.५४ − १ = १.७०. ‘त’साठी जेमतेम ०.१७. या सूत्राचा आणखी एक उपयोग असा की अचूकता २० टक्क्यांच्या खाली गेली की प्रश्न सोडलेलाच बरा, हे त्यातून थेट दिसतं. चारांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी पाव गुण मिळतो. पण चुकवायला ठेवलेला पर्याय नेमका जास्त खरा वाटतो, म्हणून काही मुलांचे तुक्के २० टक्क्यांच्याही खाली जातात. तुमचे किती लागतात, ते तुमची वहीच सांगेल.

आता याच विद्यार्थ्याचे सहा पेपर बघू. गुण क्रमाने असे: ४६८, ५०२, ४८१, ४५५, ५१२, ४९०. चौथ्या पेपरला घरात सुतकी वातावरण, पाचव्याला पेढे. त्या दोन पेपरांची आतली फोड अशी:

४५५ चा पेपर: ‘प’ ११२ प्रश्न, बरोबर १०८, गुण ४२८. ‘श’ २७, बरोबर ११, गुण २८. ‘त’ ६, बरोबर १, गुण उणे १.
५१२ चा पेपर: ‘प’ ११३ प्रश्न, बरोबर १०९, गुण ४३२. ‘श’ २५, बरोबर १८, गुण ६५. ‘त’ १०, बरोबर ५, गुण १५.

‘प’चे गुण तसेच ठेवा आणि ‘श’, ‘त’ यांना प्रत्यक्ष पडलेल्या गुणांऐवजी सरासरीचे गुण द्या. पहिल्या पेपरचे होतात ४२८ + ४५.९ + १, म्हणजे ४७५. दुसऱ्याचे ४३२ + ४२.५ + १.७, म्हणजे ४७६. सत्तावन्न गुणांचा फरक वाटत होता, तयारीतला फरक निघाला एका गुणाचा. बाकीचे छप्पन्न दोन पर्यायांमधल्या नाणेफेकीचे होते. ज्या पेपरला मुलगा रात्रभर रडला आणि ज्याचे पेढे वाटले गेले ते दोन्ही पेपर त्याने सारखेच दिले होते. हे आई-वडिलांनीही एकदा कागदावर करून बघावं, मुलांवरचा बराच जाच कमी होईल.

हा सुधारित आकडा वापरायचा तो तयारी पुढे सरकतेय का हे बघायला. पट्टा मात्र प्रत्यक्ष पडलेल्या गुणांवरूनच काढायचा, कारण परीक्षेच्या दिवशी नाणेफेक असणारच आहे.

पेपर कोणी काढलाय

एकाच माणसाने सहा वेगवेगळ्या वजनकाट्यांवर उभं राहावं तसं हे आहे. काही क्लासचे मॉक मुद्दाम अवघड असतात, भौतिकशास्त्रात लांबलचक आकडेमोड देतात. काही ठिकाणी जीवशास्त्रात एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातली ओळ जशीच्या तशी विचारतात आणि गुण वाढतात. म्हणून आपला काटा खऱ्या पेपरशी एकदा तरी ताडून बघावा लागतो.

त्यासाठी नीटचे खरे पेपर राखून ठेवावे लागतात. पुढच्या वर्षी परीक्षा देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की अलीकडच्या दोन वर्षांचे पेपर धड्यांप्रमाणे फोडू नका, शेवटच्या महिन्यासाठी बंद ठेवा. पेपर आधीच फोडून झाला असेल तर एक पर्याय उरतो. २०२४ मध्ये मुख्य परीक्षा ५ मे रोजी झाली, पण १,५६३ विद्यार्थ्यांसाठी २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली होती आणि तिचा पेपर वेगळा होता. २०२३ मध्येही मणिपूरच्या विद्यार्थ्यांची परीक्षा नंतर झाली. हे पेपर फार कमी मुलांनी पाहिलेले असतात.

२०२१ ते २०२४ मधला कुठलाही पेपर देताना तो आजच्या साच्यात बसवून घ्या. प्रत्येक विषयाच्या ‘अ’ भागातले ३५ प्रश्न आणि ‘ब’ भागातले पहिले १०, निवड न करता, म्हणजे दर विषयाचे ४५ होतात. जीवशास्त्राच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोन्ही विभागांना हाच नियम. वेळ १८० मिनिटं. शिवाय २०२४ पासून अभ्यासक्रम बदलला, काही घटक वगळले गेले. त्याआधीच्या पेपरात वगळलेल्या घटकाचा प्रश्न आला तर तो काढून टाका आणि त्याच विषयाचा ‘ब’ भागातला पुढचा प्रश्न घ्या.

या खऱ्या पेपरांतले गुण आणि मॉकची सरासरी यांतला फरक विषयवार लिहा. दोन्ही खऱ्या पेपरांत रसायनशास्त्र मॉकपेक्षा वीसेक गुणांनी खाली येत असेल तर पट्टा तेवढा खाली सरकवा. एकाच पेपरात फरक दिसला तर मात्र अर्धाच सरकवा, कारण एका पेपरच्या फरकात पुन्हा तीच नाणेफेक असते.

२०२४ आणि २०२५ ही जोडी या कामाला फार उपयोगी आहे. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ मिळाले आणि भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना घाम फोडला. एक पेपर तुमची वरची बाजू दाखवतो, दुसरा खालची.

आता पट्टा

हिशेबात धरलेले शेवटचे सहा पेपर घ्या. वरच्याच विद्यार्थ्याची बेरीज २,९०८, सरासरी ४८५. आता प्रत्येक पेपर सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा, वर की खाली हे न बघता: साधारण १७, १७, ४, ३०, २७, ५. यांची सरासरी १७ च्या आत-बाहेर. तिची दुप्पट, म्हणजे तेहतीस-चौतीस, सरासरीच्या दोन्ही बाजूंना लावा. पट्टा ४५० ते ५२०. हा पट्टाही दगडावरची रेघ नाही. पेपर मॉकसारखाच निघाला तरी दहातून एखादा विद्यार्थी त्याच्या बाहेर जाईल, पेपर वेगळ्या वळणाचा निघाला तर आणखी.

गुण वाढतायत का, हे बघायला पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन पेपरांची सरासरी काढा. इथे ४८४ आणि ४८६. वाढ नाही. वाढ स्पष्ट असेल तर जुने दोन पेपर गाळून नवीन पेपरांवर पट्टा काढा. पण ‘दर आठवड्याला वीस गुण वाढतायत, म्हणजे मे महिन्यात साठ वाढतील’ असा हिशेब लावू नका. ३०० वरून ४०० ला जाताना जितक्या प्रश्नांचं ओझं उचलावं लागतं त्याहून कितीतरी अवघड प्रश्न ५०० वरून ६०० ला जाताना वाटेत उभे असतात.

हेच विषयवारही करा. जीवशास्त्राचा पट्टा सहसा अरुंद निघतो, भौतिकशास्त्राचा रुंद. तिन्ही विषयांच्या खालच्या टोकांची बेरीज करून घाबरू नका, तिन्ही विषय एकाच दिवशी सगळ्यात वाईट जाणं क्वचित घडतं.

परीक्षेच्या दिवसाचं काय

‘परीक्षेत वीस गुण कमी होतातच’ असं सर्रास सांगितलं जातं. असा सर्वांना लागू होणारा आकडा नसतो. गुण कमी होतात ते मॉक आणि परीक्षा यांच्या परिस्थितीतल्या फरकाने, आणि तो फरक आधीच मिटवता येतो. नीट दुपारी २ ते ५ असते, मे महिन्यात. केंद्राचं फाटक दीड वाजता बंद होतं, त्याच्या बऱ्याच आधी पोचून तपासणी, बायोमेट्रिक आणि वर्गात बसून वाट बघणं असतं. मनगटावर घड्याळ चालत नाही, पेनही केंद्रावर मिळतं ते वापरायचं. सकाळी नऊला, एसीत, टेबलावर घड्याळ ठेवून दिलेल्या मॉकचे गुण या दुपारी तसेच येतील अशी अपेक्षा धरता येत नाही. किमान शेवटचे तीन-चार पेपर दुपारी दोनला, साध्या पंख्याखाली, मनगटी घड्याळाशिवाय द्या. जेवणानंतर डुलकी घ्यायची सवय असेल तर साडेतीनच्या सुमाराला कुठला विषय हातात असतो तेही बघा. अनेकांच्या चुका तिथेच गोळा होतात.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्या प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतात आणि भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. क्लासचे मॉक बहुतेक इंग्रजीतच असल्याने तुमचा काटा इंग्रजी वाचनाच्या वेगावर लागलेला असतो. निदान दोन पेपर दोन्ही भाषांतले मिळवून द्या आणि ‘ऑक्सिडीकरण’, ‘क्षपण’ यांसारख्या शब्दांवर अडखळून किती वेळ जातो ते नोंदवा.

गुणांवरून रँक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. प्रवेश गुणांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळतो, आणि त्याच गुणांचा क्रमांक दरवर्षी बदलतो. २०२४ मध्ये ६५० च्या वर हजारो विद्यार्थी होते. २०२५ मध्ये ६५० ओलांडणारे देशभरात शंभरसुद्धा नव्हते. खुल्या गटाची पात्रतेची किमान रेषा २०२४ मध्ये १६२ होती, २०२५ मध्ये १४४ झाली. ही रेषा ५० व्या पर्सेंटाइलवरून, म्हणजे निम्मे परीक्षार्थी ज्याच्या खाली राहतात त्या गुणांवरून ठरते, म्हणून पेपरच्या अवघडपणाबरोबर ती खाली-वर होते. तिला ‘कटऑफ’ म्हणून मुलं हायसं वाटून घेतात, पण ती फक्त पात्रतेची आहे. सरकारी एमबीबीएसच्या जागेपर्यंत पोचायला तिच्या कितीतरी वर जावं लागतं.

त्यामुळे आजच्या मॉकचे ५०० गुण गेल्या वर्षीच्या प्रवेशयादीशी भिडवून बघू नका. २०२४ च्या पेपरात तुम्हाला पडलेले गुण २०२४ च्या रँकशी जुळवा, २०२५ च्या पेपरात पडलेले २०२५ च्या रँकशी. दोन रँक मिळतील. ती दोन टोकं समजा. ती जवळजवळ आली तर अंदाज पक्का, फार लांब पडली तर अवघड पेपर तुम्हाला इतरांपेक्षा जास्त झोडपतो किंवा जास्त तारतो, असा त्याचा अर्थ. ही माहिती गुणांपेक्षाही मोलाची आहे.

दुसरी रीत टेस्ट सिरीजमधल्या क्रमांकाची. गुण खाली-वर होत असताना तुम्ही दर वेळी वरच्या आठ ते दहा टक्क्यांत असाल तर तो आकडा गुणांपेक्षा जास्त स्थिर आहे. फक्त सिरीजची गर्दी म्हणजे नीटची गर्दी नव्हे. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त जणांनी परीक्षा दिली, आणि पैसे भरून सिरीज लावणारी मुलं त्यांतली बऱ्यापैकी तयारीची असतात. क्लासमध्ये सरळ विचारा: मागच्या वर्षी या सिरीजमध्ये माझ्याएवढा क्रमांक असणाऱ्यांना राज्याच्या यादीत कुठे जागा मिळाली? सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून राज्याचा सीईटी कक्ष भरतो, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी ही केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलासाठी देशातल्या रँकपेक्षा राज्याच्या गुणवत्ता यादीतली आणि आपल्या प्रवर्गातली जागा जास्त कामाची.

पट्टा हातात आल्यावर

पहिलं लक्ष ‘प’ खूण असूनही चुकलेल्या प्रश्नांकडे द्या. वरच्या विद्यार्थ्याचे दर पेपरला चार असे प्रश्न आहेत. प्रत्येकामागे पाच गुण जातात, चार मिळायचे राहतात आणि एक कापला जातो. म्हणजे पेपरला वीस गुण, तेही येत असलेल्या गोष्टींचे. यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा: ‘अयोग्य विधान’ विचारलं होतं आणि योग्य निवडलं, एकक बदललं नाही, गोल एक ओळ खाली भरला. वीसेक प्रश्नांत तुमच्या दोन-तीन सवयी उघड्या पडतात.

त्यानंतर ‘श’. हे अर्धवट येणारे धडे आहेत. नवा धडा कोरा सुरू करण्यापेक्षा ५४ टक्क्यांचे ७० टक्के करणं स्वस्त पडतं. दर पेपरला २५ ‘श’ असतील तर सूत्रानुसार तेवढ्यानेच वीस गुण वाढतात. ‘त’च्या मागे शेवटच्या महिन्यात लागू नका.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवीन पट्टा काढणं थांबवा. शेवटचा पूर्ण पेपर चार-पाच दिवस आधी द्या, त्याचे गुण घरात जाहीर करू नका. पालकांनीही ते विचारू नयेत.

परीक्षा झाल्यावर

प्रश्नपत्रिका घरी आणता येते, म्हणून उत्तरं तिच्यावर खुणावलेली असतील तर त्या संध्याकाळी हिशेब करता येतो. पण वेगवेगळ्या क्लासच्या उत्तरतालिका दोन-चार प्रश्नांवर एकमेकींशी भांडत असतात. वादाच्या प्रत्येक प्रश्नामागे पाच गुणांची जागा सोडा. तीन प्रश्न वादात असतील तर तुमचे गुण ‘४८८ ते ५०३’ असे लिहा, ५०३ असे नाही. एनटीए तात्पुरती उत्तरतालिका आणि ओएमआरची प्रत जाहीर करते तेव्हा गोल खरोखर कुठे भरले गेले ते ओएमआरवरून एकेक करून तपासा. आक्षेप शुल्क भरून नोंदवता येतो आणि तो मुदतीतच नोंदवावा लागतो, म्हणून पाठ्यपुस्तकाचं पान हाताशी ठेवा.

अंतिम तालिका आल्यावरही क्वचित आकडा हलतो. २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून मत मागवलं, एकच पर्याय बरोबर ठरला आणि चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे पाच गुण गेले. म्हणून समुपदेशनाची, म्हणजे प्रवेशफेरीची पसंती यादी भरताना आपल्या क्रमांकाला जेमतेम मिळेल असं वाटणाऱ्या महाविद्यालयाच्या खाली आणखी पाच-सहा नावं आधीच शोधून ठेवा.